गावापुरतं पक्ष्यांचं ॲप कसं बनवायचं

पक्ष्यांचं ॲप म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिली आयडिया हीच येते की फोटो काढायचा आणि ॲपने नाव सांगायचं. ही आयडिया आत्ताच सोडून द्या. ते काम मर्लिन करतं, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ॲप आहे, फुकट आहे, २०२१ पासून आवाज ऐकून पण नाव सांगतं, आणि त्याच्यामागे त्याच प्रयोगशाळेच्या ईबर्ड ह्या साईटवरच्या, जगभरातल्या लोकांनी टाकलेल्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत, त्या २००२ पासून गोळा होतायत. आपण चार जण रात्री जागून त्यांच्याशी काय बरोबरी करणार!

मग आपलं कशाला? तर मर्लिनला हे माहीत नसतं की आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षबागेवरच्या जाळीत कोण अडकतं, कालव्याचं आवर्तन चालू-बंद झालं आणि नांदूर मध्यमेश्वर धरणाचं पाणी वरखाली झालं की चिखलात कोण उतरतं, किंवा म्हातारी माणसं पावशाचं ओरडणं ऐकून तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो असं का सांगतात. नाव मर्लिन सांगेल, नाव कळल्यावर जे बोलणं सुरू होतं ते आपल्या ॲपमध्ये पाहिजे. हे एकदा डोक्यात पक्कं केलं की निम्मं काम आपोआप कमी होतं, कारण मशीन लर्निंग, सर्व्हर, लॉगिन, असलं काहीच लागत नाही.

मी उदाहरणं नांदूर मध्यमेश्वरच्या आसपासची देतोय. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरण, रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तुमच्याकडे गावतळं असेल, खाडी असेल, नुसती माळरानाची जमीन असेल तरी पद्धत तीच.

यादी छोटी ठेवा

नांदूर मध्यमेश्वरला दोनशेच्या वर जातींच्या नोंदी आहेत. सगळे घ्यायच्या भानगडीत पडू नका. साठ पुरे. ज्याला चिमणी, कावळा, साळुंकी, पारवा एवढंच येतं त्या माणसाला साठ म्हणजे खूप झाले, आणि ज्याला दोनशे येतात त्याला तुमच्या ॲपची गरजच नाही.

साठ कसे निवडायचे? ईबर्डवर जिल्ह्याचा किंवा एखाद्या हॉटस्पॉटचा (म्हणजे पक्षी बघायच्या ठरलेल्या जागेचा) बार चार्ट बघता येतो, कुठला पक्षी वर्षाच्या कुठल्या आठवड्यात किती वेळा नोंदवला गेलाय ते हिरव्या पट्ट्यांत दिसतं, जाड पट्टी म्हणजे नेहमीचा. त्यातले जाड पट्टीवाले काढा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण ईबर्डवर नोंदी टाकणारे बहुतेक लोक रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन पाण्याच्या काठाला येतात, त्यामुळे चक्रवाक, थापट्या, क्रौंच भरपूर दिसतात आणि गावातल्या वडावरचा पिंगळा, गोठ्यातल्या म्हशीवर बसणारा कोतवाल, विहिरीतला खंड्या मागे पडतात. म्हणून दुसरी यादी लोकांकडून घ्या. बचत गटाच्या मीटिंगला जा, मासेमारी करणाऱ्यांशी बोला, झेडपीच्या शाळेत सातवीच्या पोरांना विचारा की घरापासून शाळेपर्यंत काय काय दिसतं. मासेमारी करणारी माणसं पाणपक्ष्यांबद्दल जे सांगतात ते कुठल्याही गाईडपेक्षा भारी असतं, पाणकावळे आज कुठे जमलेत त्यावरून मासा कुठे आहे ते बघणारे लोक आहेत ते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून साठ काढा आणि त्यात अंगणातले, शेतातले, पाण्यावरचे असे सगळे येतील हे बघा. राज्यपक्षी हरियल तुमच्या भागात असेल तर नक्की घ्या, आपला राज्यपक्षी कुठला हे कितीतरी मोठ्या माणसांना पण सांगता येत नाही.

हे सगळं गूगल शीटमध्ये ठेवायचं. एक ओळ म्हणजे एक पक्षी. कॉलम असे असू द्या: मुख्य नाव, बाकीची नावं, शास्त्रीय नाव, केवढा, कुठे दिसतो, कुठले महिने, माहिती, लोक काय म्हणतात, फोटो, आवाज, फोटो कोणाचा, आवाज कोणाचा. शास्त्रीय नावाचा कॉलम लोकांना दाखवला नाही तरी चालेल पण शीटमध्ये पाहिजेच, नाहीतर सहा महिन्यांनी बगळ्यांचा एवढा घोळ होतो की विचारू नका.

"बाकीची नावं" हा कॉलम कंजुषी न करता भरा. भारद्वाजाला कोणी कुंभारकावळा म्हणतं, कोणी सोनकावळा, कोणी कुक्कुडकोंबा, आणि शोधताना माणूस स्वतःच्याच तोंडातलं नाव टाईप करणार ना. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ कोणी बघून टाईप करत नाही, म्हणून शोधताना पहिली-दुसरी वेलांटी एकच धरायची, उकाराचं तसंच, आणि रोमन लिपीत टाईप केलेलं पण चालायला पाहिजे, त्यासाठी प्रत्येक नावाचं रोमन रूप शीटमध्ये लपवून ठेवा. ह्यावर एक दुपार घालवा. शोधून पक्षी सापडला नाही तर माणूस ॲप बंद करतो आणि परत उघडत नाही.

एक पान नीट लिहा, मग बाकीची

साठ पानं एकदम लिहायला बसू नका. एका पक्ष्याचं पान पूर्ण करा, चार जणांना वाचून दाखवा, मग तोच साचा. पहिलं पान मोराचं किंवा पोपटाचं नको, ते सगळ्यांना माहीत असतात त्यामुळे पान चांगलं झालंय की नाही ते कळतच नाही. ढोकरी घ्या. ढोकरी सगळ्यांनी बघितलेली असते आणि धड कोणीच बघितलेली नसते. पान साधारण असं:

"ढोकरी, काही जण वंचक म्हणतात. शेततळ्याच्या नाहीतर डबक्याच्या काठाला मान आखडून गप बसलेली असते. मातकट रंग, मानेवर छातीवर रेघा, चिखलात अशी मिसळून जाते की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तुम्ही दोन पावलं पुढे टाकलीत की उडते आणि एकदम पांढरीफेक दिसते, कारण पंख पांढरे आहेत, बसल्यावर ते पाठीच्या रंगाखाली झाकले जातात. पावसाळ्याच्या तोंडाला पाठ जांभळट विटकरी होते, तेव्हा वेगळाच बगळा आलाय असं वाटतं, पण तीच ती. मासे, बेडूक, खेकडे, किडे खाते."

बस. एवढंच. "मध्यम आकाराचा पाणथळ अधिवासातील पक्षी असून" असली भाषा आली की ते वाक्य खोडा. एक टेस्ट सांगतो, वाक्य मोठ्याने वाचा, शेजारच्या काकूंशी बोलताना असं बोलाल का? नाही ना, मग बदला.

आता ह्या पानावरून फोटो किती लागतात ते कळतं. ढोकरीला तीन लागतात, बसलेली, उडताना, आणि विणीच्या रंगातली. कोकीळला दोन, कारण नर काळा आणि लाल डोळ्यांचा, मादी तपकिरी ठिपक्यांची, आणि गातो तो नर हे लिहायला विसरू नका, शाळेतल्या पोरांना ह्याचं फार नवल वाटतं. गायबगळ्याचा एक साधा पांढरा आणि एक उन्हाळ्या-पावसाळ्यातला, डोकं-मान नारिंगी झालेला. टिटवीला एक पुरतो. म्हणजे फोटोंची संख्या सगळ्यांना सारखी ठेवायचा हट्ट नको, पक्षी किती रूपं दाखवतो त्यावर ठरवा.

"लोक काय म्हणतात" हा कॉलम माझ्या सगळ्यात आवडीचा, आणि सगळ्यात जपून हाताळायचा. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, भारद्वाज दिसला की दिवस चांगला, चातक फक्त पावसाचं पाणी पितो, पिंगळा ओरडला की अशुभ. हे सगळं ॲपमध्ये यायला पाहिजे कारण लोकांना तेच आठवतं आणि त्यावरच गप्पा होतात. पण माहितीच्या पॅराग्राफमध्ये मिसळायचं नाही. वेगळ्या रंगाचा चौकोन करा, वर "आपल्याकडे म्हणतात" लिहा, आणि खाली एका ओळीत खरं काय ते सांगा: चातक पावसाळ्याच्या सुमाराला येतो हे खरं, फक्त पावसाचं पाणी पितो हे नाही. पिंगळ्याच्या आणि गव्हाणी घुबडाच्या पानावर तर ही ओळ ठळक पाहिजे, गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं, शेतकऱ्याचा त्याच्याएवढा फुकटचा मदतनीस दुसरा नाही आणि लोक त्यालाच दगड मारतात. मात्र टोमणे मारत लिहू नका. "अंधश्रद्धा" हा शब्द आला की समोरचा माणूस वाचायचं थांबतो.

फोटो आणि आवाज चोरायचे नाहीत

गूगलवरून फोटो उचलू नका. ईबर्डवर दिसणारे फोटो पण ज्याने काढले त्याचे असतात. विकिमीडिया कॉमन्सवर चालणारे फोटो मिळतात, लायसन्स वाचून घ्या आणि नाव द्या. त्यापेक्षा चांगलं म्हणजे तुमच्याच तालुक्यात दोन-तीन जण तरी मोठी लेन्स घेऊन फिरणारे असतात, त्यांना सरळ विचारा, फोटोखाली नाव येईल म्हटलं की बहुतेक जण आनंदाने देतात, पण व्हॉट्सॲपवर का होईना "ह्या ॲपसाठी वापरा" असं लेखी घ्या आणि तो मेसेज जपून ठेवा. घरट्यातल्या पिल्लांचे क्लोजअप कोणी दिले तर प्रेमाने नको म्हणा, एक छापला की दहा जण तसाच काढायला घरट्याशी जाणार.

आवाजासाठी झेनो-कँटो ही साईट आहे, २००५ पासूनची, जगभरच्या पक्ष्यांची रेकॉर्डिंग्ज. प्रत्येक रेकॉर्डिंगचं लायसन्स वेगळं असतं. एनसी लिहिलंय म्हणजे कमाईसाठी नाही, म्हणजे ॲपमध्ये जाहिराती टाकल्या की अडचण. एनडी लिहिलंय म्हणजे त्यात बदल करायचा नाही, मग कापून दहा सेकंदांचं करणं पण बदलच धरा आणि दुसरं शोधा. रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव आणि लायसन्स पक्ष्याच्या पानावरच खाली बारीक अक्षरात द्यायचं.

माणसांचे आवाज मात्र तुम्हीच रेकॉर्ड करा. मोबाईलमधलं मराठी टेक्स्ट-टू-स्पीच असतं पण ते पक्ष्यांच्या नावांची वाट लावतं. त्यापेक्षा प्रत्येक पान गावातल्याच कोणाकडून वाचून घ्या, शाळेतल्या बाई, कीर्तनकार, कोणीही ज्याचा आवाज खणखणीत आहे तो. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा घरी राहिलाय अशांचं काम होतं, आणि ओळखीचा आवाज आला की लोक एकमेकांना ऐकवतात, तुमची जाहिरात आपोआप. रेकॉर्डिंग बंद खोलीत, पंखा बंद करून, गोधडी-बिधडी लटकवून केलं तर घुमत नाही.

आता एक गोष्ट जी डिझाईन करताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आवाजाचं बटण दिलं की लोक रानात जाऊन ते वाजवणार. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो. विणीच्या काळात ह्याने नुकसान होतं. बटण काढून टाकू नका, ऐकल्याशिवाय शिकणार कसं, पण लूप देऊ नका, दहा सेकंद वाजलं की थांबलं पाहिजे, परत हवं तर परत दाबा. घुबडांचे आवाज मी तर टाकणारच नाही. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर एकदाच साधी सूचना: हा आवाज घरी ऐका, घरट्याजवळ वाजवू नका.

घरट्यांच्या जागेचं तसंच. नकाशावर पिन टाकायचं फीचर सगळ्यांना हवंहवंसं वाटतं, मला विचाराल तर नकोच. दिवाळीच्या आसपास घुबडांची चोरटी शिकार होते, पोपटाची पिल्लं ढोलीतून काढून विकली जातात, मुनिया पकडून विकतात, हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे पण होतं. तुमचा नकाशा त्यांच्या कामाला यायला नको. "चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळ्यात बदकं दिसतात" एवढं बास, ती जागा सगळ्यांना माहीतच आहे.

स्क्रीन कशा असाव्यात

पक्षी शोधायची स्क्रीन तीन प्रश्नांची करा. कुठे दिसला: अंगणात, शेतात, तारेवर, झाडात, पाण्यात, चिखलात. केवढा होता: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. सेंटीमीटर कोणाला कळत नाहीत आणि ही मापं आपले पक्षीमित्र पूर्वीपासून वापरतातच. रंग कुठला: इथे रंगाचे गोल द्या आणि त्यात मातकट, राखी, विटकरी हे पाहिजेतच, पक्षी बहुतेक त्याच रंगांचे असतात. चुकीच्या रंगावर पण उत्तर आलं पाहिजे, खंड्याला कोणी निळा म्हणेल कोणी तपकिरी, दोघंही बरोबर, म्हणून एका पक्ष्याला तीन-चार रंग जोडून ठेवा. तीन प्रश्नांनंतर सात-आठ पक्षी उरले की झालं, पुढे माणूस फोटो बघून ठरवतो.

होम स्क्रीनवर "ह्या महिन्यात" नावाची पट्टी ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेरून आलेली बदकं, मे-जूनमध्ये पावशा, जून लागला की चातक, पावसाळ्यात सुगरणीचे खोपे. शीटमधल्या महिन्यांच्या कॉलमवरून हे आपोआप होतं आणि दर महिन्याला ॲप नवीन वाटतं.

फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट. पानाची भाषा मराठी म्हणून सेट करा, काही फाँट त्यावरून आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ओळींमध्ये अंतर जरा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. काळी बॅकग्राउंड नको, उन्हात बांधावर उभं राहून बघा, काही दिसत नाही.

खेळ, क्विझ टाकायची असेल तर शाळेसाठी टाका, ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा शिक्षक काहीतरी शोधतच असतात. पण सगळ्यात जास्त पक्षी कोणी बघितले असला लीडरबोर्ड नको. पोरं खोटं टाकतात, आणि नाही टाकलं तर झुडपं उचकटत फिरतात.

आणि आमच्याकडे ज्याच्याशिवाय ॲपला अर्थ नाही ते म्हणजे मदतीचं पान. द्राक्षबागेवरची जाळी, संक्रांतीचा नायलॉन मांजा, ज्याच्यावर २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे तरी सर्रास मिळतो, ह्यात पक्षी अडकतात आणि माणूस चांगल्या मनाने ओढायला जातो, त्यात पंख जातो. पानावर मोठ्या अक्षरात: ओढू नका, कात्रीने दोरा कापा. अंगावर सुती कापड टाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा. त्या नंबरवर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे, कॉपी-पेस्ट करायला लावू नका. ह्याच पानाला जोडून बागायतदारांसाठी चार ओळी लिहा, जाळी ताणून बांधली आणि ढिले झोळ ठेवले नाहीत तर पक्षी कमी अडकतात, सीझन संपला की जाळी गुंडाळून ठेवा, फाटकी जाळी बांधावर टाकून देऊ नका. द्राक्षवाल्याला पक्ष्यांचं कौतुक सांगत बसलात तर तो ऐकणार नाही, त्याचं नुकसान होतंय हे आधी मान्य करा, मग पुढचं बोला.

बनवायचं कशात

सोपं म्हणजे वेबसाईटच बनवा पण ऑफलाईन चालणारी, पीडब्ल्यूए म्हणतात तिला, ब्राउझरमधून होम स्क्रीनवर घेता येते. थोडंफार जावास्क्रिप्ट येणारा कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी हे करू शकते, शीटमधून जेसन फाईल काढायची, ती वाचून पानं बनवायची, सर्व्हिस वर्करने सगळं फोनमध्ये साठवायचं. गिटहब पेजेसवर फुकट राहते. कोडिंग अजिबात जमत नसेल तर एमआयटी ॲप इन्व्हेंटर आहे, ठोकळे जोडून बनतं, फक्त साठ पक्ष्यांना ते जरा हेंगाडं होतं.

साईझचा हिशोब आधी करा. फोटो वेबपी फॉरमॅटमध्ये ८० केबीपर्यंत आणा, मोबाईलवर तेवढा छान दिसतो. सरासरी तीन फोटो धरले तर साठ पक्ष्यांचे १८० फोटो, साधारण १४-१५ एमबी. आवाज ६४ केबीपीएस मोनो, दहा सेकंदांचे ८० केबी, सगळे मिळून पाचेक एमबी. म्हणजे २० एमबीत फोटो आणि पक्ष्यांचे आवाज बसतात, वाचून घेतलेली पानं थोडी जास्त जागा घेतील, ती ज्याला हवी त्याने वेगळी डाउनलोड करावीत. मग फोन फ्लाईट मोडवर टाकून सगळं चालतंय का बघा.

प्ले स्टोअरवर टाकायचं असेल तर डेव्हलपर अकाउंटचे एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नवीन वैयक्तिक अकाउंटला आधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले दाखवावे लागतात. हे बारा जण आधीच शोधून ठेवा. लॉगिन, लोकेशन, फोन नंबर काही घेऊ नका, २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते, आणि तुम्हाला ती माहिती हवीय कशाला? कोणाला नोंदी ठेवायच्याच असतील तर ईबर्डकडे पाठवा, तिथे तपासणारे लोक आहेत.

टेस्टिंग करताना समोरच्याच्या हातात फोन द्या आणि तोंड बंद ठेवा. हे फार अवघड जातं. "तिकडे दाबा ना" असं म्हणावंसं वाटलं की समजा ते बटण चुकीच्या जागी आहे. माणसं वेगवेगळी घ्या, एक आजी, एक रिक्षावाला, एक पाचवीतलं पोरगं, आणि एक पक्षीमित्र जो चुका काढेल. पक्षीमित्राचं ऐकून चुका दुरुस्त करा, पण तो म्हणाला की अजून चाळीस पक्षी टाका तर हो-हो म्हणून विषय बदला.

पसरवायला क्यूआर कोड छापा. ग्रामपंचायत, दूध डेअरी, शाळा, चहाची टपरी. अभयारण्याच्या आत लावायचा असेल तर वनविभागाची परवानगी घ्या. आणि मेल आयडी, गिटहब, प्ले स्टोअर, सगळी अकाउंट्स ग्रुपच्या नावाने काढा, पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा, कारण कोड लिहिणारा पोरगा नोकरीला पुण्याला जातोच, आणि मग ढोकरीच्या पानावरचं एक चुकलेलं अक्षर बदलायला पण त्याच्या सुट्टीची वाट बघत बसावं लागतं.